आजी उभ्या राहिल्या, अनुदान बसलं

आजी आमच्या शुश्रूषा केंद्रात आल्या तेव्हा माकडहाडाच्या वर चौथ्या, म्हणजे सगळ्यात खोल टप्प्याचा बेडसोर होता, पडून राहून होणारी जखम. कातडी, चरबी, स्नायू झडून आत हाड लागत होतं. खुब्याचं ऑपरेशन झालं, मग रुग्णालयात पाठीवर पडून राहणं, मग घरी पडून राहणं. अशा जखमेचं वरून दिसतं ते फक्त तोंड असतं, आत ती कडेकडेने पोखरत जाते. मोजताना आम्ही रुग्णाच्या डोक्याच्या दिशेला बारा वाजलेत असं धरतो, निर्जंतुक काडी कडेखाली हलकेच सरकवतो आणि लिहितो, ‘दोन ते पाचच्या दरम्यान पोखरलेली’. काडी किती आत गेली तेही लिहितो. भेटीला येणारे डॉक्टर दारातूनच ‘ड्रेसिंग चालू ठेवा’ म्हणून पुढच्या खोलीत जातात. काडी त्यांनी कधी हातात धरलेली मी तरी पाहिलेली नाही.

दर दोन तासांनी कूस बदलायची, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कशी बदलायची, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. माणसाला पूर्ण कुशीवर वळवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथे नवी जखम तयार. म्हणून कल द्यायचा तो 30 अंशांचाच. पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी आणि पोटऱ्यांखाली अशी उशी, की टाचा अधांतरी राहतील. मग गादी आणि माकडहाड यांच्यामध्ये तळहात सरकवून बघायचं, खरंच मोकळं आहे ना. पलंगाचं डोकं फार वर करायचं नाही, माणूस घसरत खाली येतो. बगलेत हात घालून वर तर अजिबात ओढायचं नाही. ओढलं की कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं हाड पुढे जातं आणि मधल्या रक्तवाहिन्या पिळवटल्या जातात. वरून काही दिसत नाही, दिसतं ते दोन-तीन दिवसांनी, जांभळं होऊन. म्हणून घसरती चादर घालायची आणि दोघांनी मिळून सरकवायचं. रात्रपाळीला मजल्यावर दोनच माणसं असतात. दोघीही आजींच्या खाटेशी असल्या की बाकीच्या खोल्यांतल्या घंटा वाजत राहतात.

आमच्या रात्रीच्या मावशींनी हे सगळं महिनोन् महिने केलं, न कंटाळता. त्यांच्या पगाराबद्दल मी इथे लिहीत नाही, मला लाज वाटते.

जखम भरली. मग फिजिओथेरपीवाल्या मुलीने आजींना खाटेच्या कडेला बसवायला घेतलं. आधी चक्कर यायची, रक्तदाब पडायचा. हळूहळू वॉकर आला. ब्लाउजची बटणं आजी स्वतः लावायला लागल्या. आपण लावून दिली तर झटकन होतं. त्या लावतात तेव्हा एक बटण सुटतं, दुसरं चुकीच्या काजात जातं, शेजारी माणूस हात बांधून उभा राहतो आणि न्याहारीला उशीर होतो. मदत न करता थांबणं हेच या कामातलं सगळ्यात वेळखाऊ काम आहे, आणि ते कुठल्याच बिलात लागत नाही.

आमच्याकडे पैसे येतात ते श्रेणीवर. माणूस जितका परावलंबी, तितकी श्रेणी वरची आणि सरकारी अनुदान जास्त. बऱ्याच देशांत साधारण हीच रीत आहे. जर्मनीत 2017 पासून अशा पाच श्रेणी आहेत, जपानच्या 2000 साली सुरू झालेल्या काळजी विम्यात सात. ठरावीक मुदतीने अधिकारी येऊन फेरमूल्यमापन करतात.

आजींच्या वेळी अधिकारी बाई आल्या, फॉर्म उघडला. पाहुणे येणार म्हणून आजींनी सकाळपासून तयारी केली होती. “उठता येतं का, आजी?” असं विचारायचा अवकाश, आजी वॉकर धरून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “बघा, कुणाचा हात लागला नाही!” मी मागून त्यांच्या कमरेचा पट्टा धरून चालत होते. मी बाईंना सांगितलं की ही सकाळची गोष्ट आहे. दुपारी त्या गळून झोपतात, रात्री शौचाला न्यायला दोघी लागतात. बाई म्हणाल्या, “सिस्टर, मी जे पाहिलं तेच लिहू शकते.” बाई वाईट नव्हत्या. त्यांना त्याच दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं.

श्रेणी दोन पायऱ्या उतरली.

जखमेच्या नोंदीत मला असं उतरता येत नाही. चौथ्या टप्प्याची जखम भरत आली म्हणून तिला तिसऱ्या, दुसऱ्या टप्प्याची लिहायची नाही, असा नियम आहे. ‘भरलेली चौथ्या टप्प्याची जखम’ असंच लिहायचं. कारण स्नायू परत येत नाही, त्या जागी नुसता व्रण येतो, आणि व्रणाची ताकद फार तर मूळ कातडीच्या 80 टक्क्यांपर्यंत जाते. काळजी सैल झाली की तीच जागा पहिल्यांदा फाटते. एवढी अक्कल आमच्या ड्रेसिंगच्या तक्त्याला आहे.

त्या तिमाहीत अशाच आणखी दोघांच्या श्रेण्या उतरल्या. फिजिओथेरपी आठवड्यातून एकदावर आली आणि रात्रपाळीतली सोडून गेलेली जागा भरायची नाही असं ठरलं. मॅनेजरसाहेबांना मी नावं ठेवत नाही. खर्चातला मोठा वाटा पगारांचा, त्यामुळे पैसा कमी झाला की माणसंच कमी होतात. गाद्यांचे हप्ते काही थांबत नाहीत. पण आजी पुन्हा पडून राहिल्या, जखम उघडली, रक्तात जंतू गेले, तर रुग्णालयाचं बिल सरकारच भरणार, फक्त दुसऱ्या खात्यातून. तो खर्च याहून कितीतरी मोठा असतो. तेव्हा कुणी फॉर्म घेऊन येत नाही.

जर्मनीच्या कायद्यात एक तरतूद आहे. रुग्णाला चालतं-बोलतं केल्यामुळे त्याची श्रेणी खाली आली, तर केंद्राला एकरकमी बक्षीस मिळतं. एकदाच मिळतं, रात्रपाळीचा पगार त्यातून वर्षभर निघणार नाही. पण चांगली काळजी घेतल्याने केंद्राचं नुकसान होतं, हे निदान कुणीतरी कायद्यात लिहून मान्य केलंय.

आजींचा मुलगा भेटायला आला होता. अनुदान घटल्यामुळे वाढलेली रक्कम आता त्याच्या खिशातून जाणार होती. पत्र वाचून म्हणाला, “सिस्टर, राग मानू नका, पण मग चालवायचंच कशाला होतं?” मी त्याला उत्तर दिलं नाही. चहा विचारला.

अपील केलंय. रात्रपाळीच्या नोंदवहीची पानं जोडलीत, दोघी कधी लागल्या त्या वेळांसकट. तीन नंबरच्या खोलीतल्या काकांचं फेरमूल्यमापन पुढच्या महिन्यात आहे. पक्षाघातानंतर ते नुकतेच डाव्या हाताने चमचा धरायला शिकलेत. मॅनेजरसाहेबांनी काल मला सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दिवशी काकांना कोण भरवणार आहे.