नेरूळ ते जयगड : चार खाड्या, चार फेरीबोटी

गुहागरला जायचं म्हटलं की आपण नवी मुंबईकर डोळे झाकून पळस्प्याला गोवा महामार्ग धरतो आणि चिपळूणला वळतो. या जानेवारीत आईला घेऊन नेरूळहून निघालो, ते वडखळला अलिबागच्या फाट्याला लागलो आणि मग जयगडपर्यंत समुद्र उजव्या हातालाच ठेवला. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. चार वेळा गाडी फेरीबोटीत चढवली. तिकडे हिला जंगलजेटी म्हणतात. मुक्काम हरिहरेश्वर, गुहागर आणि गणपतीपुळे. यापेक्षा कमी दिवसांत करू नका, नाहीतर नुसतं स्टिअरिंग हातात राहतं.

पहिल्या दोन खाड्या भरभर झाल्या. आगरदांड्याला राजपुरी खाडी ओलांडायची. तिच्या मुखाशीच जंजिरा आहे. बागमांडल्याला सावित्री, पलीकडे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो आणि टेकडीवर बाणकोटचा किल्ला. वेसवीहून केळशी, आंजर्लेमार्गे दाभोळला जाणारा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. अंतर थोडं दिसतं, पण वेळ दुप्पट धरा. वाटेत आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती चुकवू नका.

दाभोळला मात्र आम्ही मुद्दाम दोन फेऱ्या सोडल्या. माझे आजोबा गिरणीत होते. आई लहान असताना ही मंडळी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने दाभोळला यायची. मोठी बोट बाहेर नांगर टाकायची, तिथून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं आणि किनाऱ्याजवळ खलाशी पोरांना खांद्यावर घेऊन पाण्यातून आणायचे. वाशीच्या पुलावरून रोज खाडी बघणाऱ्या माझ्या मुलीला हे खरंच वाटेना. आई धक्क्यावर उभी राहून तिला बोटाने जागा दाखवत होती.

इथली फेरीबोट २००३ साली सुरू झाली. ती नसेल तर दाभोळहून गुहागरला दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वर वळसा पडतो. आमची गाडी उलटी चढवायला लावली. खलाशी मागे उभा राहून तळहाताने बोलावत होता, "येऊ द्या, येऊ द्या, बस!" लोखंडी फळीवर चाकं धाडकन वाजली, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, त्याने चाकाला लाकडी ओंडका लावला. "मावशी, कठडा धरून चढा," असं म्हणत त्यानेच आईला शिडीवरून वर नेलं. वर गेलात की उजवी बाजू धरा. वाशिष्ठी समुद्राला मिळते ते तिकडे.

आता चूक सांगतो. हेदवीचं दशभुजा गणेशाचं दर्शन घेऊन तवसाळला पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि त्या दिवशी पौर्णिमा होती. सकाळीच आईने हिशोब सांगितला होता : तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ येते. पौर्णिमेची पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त, अष्टमीला दोन्ही कमी. मी ऐकलं नाही. पाणी इतकं उतरलं होतं की धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात खोल कोन झाला आणि आमच्या ठेंगण्या सेडानचं पोट खरवडलं. सगळ्यांना उतरवून, गाडी तिरकी घेऊन एकदाची चढवली. बुडाचा पत्रा वाकला, बाकी निभावलं. तुमची गाडी ठेंगणी असेल तर माणसं आणि सामान आधीच उतरवा, आणि पूर्ण ओहोटीला धक्क्यावर जाऊ नका. शेवाळावर पायही सरकतो, वयस्कर माणसांचा हात धरा.

मोबाइलच्या नकाशात 'फेरी टाळा' हा पर्याय बंद आहे ना, ते घरूनच बघा. तो चालू असला तर नकाशा तुम्हाला मुकाट चिपळूणला फिरवून आणतो. सुट्टे पैसे रोख ठेवा, धक्क्यावर रेंजचा भरवसा नाही. पेट्रोल अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर असं दिसेल तिथे भरत चला. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा, मे महिन्यात आणि नाताळच्या सुट्टीत रांगेसाठी तास-दीड तास हाताशी ठेवा. पावसाळ्यात हवा बिघडली की फेरी थांबते.

गणपतीपुळ्याला रात्री आईने पिशवीतून कालनिर्णय काढलं. म्हणाली, "पुढच्या वेळी अष्टमी बघून निघू."