जोंगाची थरथर आणि किंगपिनच्या शिम

दिवाळीच्या आधी पाचवडच्या अलीकडे पुलाचा सांधा लागला आणि स्टिअरिंग हातातून सुटतंय की काय असं झालं. पुढची दोन्ही चाकं मोकाट थरथरायला लागली. वेग पंचेचाळीस, फार नाही. ब्रेक लावून गाडी अगदी रांगायला लागली तेव्हा थरथर थांबली. त्याच दिवशी ठरवलं की हे काम पूर्ण होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही.

माझी गाडी जोंगा, लष्करासाठी बनलेली जुनी जीपसारखी गाडी. ती वापरणाऱ्यांना ही थरथर नवीन नाही. त्यावर सगळीकडे मिळणारा सल्लाही एकच: टायर बॅलन्स करा, टाय रॉडचे, म्हणजे पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे एंड बदला, स्टिअरिंग डॅम्पर बसवा. मी पहिले दोन्ही करून बसलो होतो. पैसे गेले, थरथर तशीच राहिली.

आमच्या गल्लीत आबा राहतात. लष्कराची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलातून हवालदार म्हणून निवृत्त, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. जोंगा आणि निसान वन-टन या दोन गाड्यांवर त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं गेली. मी नवीन टायरची चौकशी करतोय म्हटल्यावर म्हणाले, "आरं, टायर कशापायी बदलतुयास? आधी चाक उचल."

चाक जॅकवर उचललं, ॲक्सलखाली घोडी लावली. आबांनी चाक वरून आणि खालून धरून हलवलं. खडखड. मग मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. खडखड तशीच. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला असता तर व्हील बेरिंग ढिली. गेला नाही म्हणजे दोष किंगपिनमध्ये, पुढचं चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं तिच्यात. दोन मिनिटांची ही तपासणी आधी केली असती तर टाय रॉड एंडचे पैसे वाचले असते. तुमची गाडी थरथरत असेल तर कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी एवढं नक्की करा.

थोडं गाडीविषयी. जोंगा ही निसान पॅट्रोल 60 वर आधारलेली, जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत 1969 पासून तयार झालेली गाडी. नावात जबलपूर आहे, ऑर्डनन्स आहे, गन कॅरेज आहे. माझ्या गाडीचं साल मला कागदाआधी रंगाखाली सापडलं. पुढचा पत्रा खरवडताना तीन थरांखाली ऑलिव्ह ग्रीन लागला, त्यावर लष्करी नंबरचा वर टोक केलेला बाण आणि त्यापुढे 84. चाकाच्या कमानीवर टायरच्या हवेचा आकडाही स्टेन्सिलने मारलेला होता. तो रंग परत लावावा असं फार वाटतं, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 121 व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. म्हणून मी बाणाएवढा तुकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला जपून ठेवलाय आणि बाहेर मातकट खाकी मारलाय.

आता मुख्य काम. जोंगाचा पुढचा ॲक्सल बंद नकलचा. ॲक्सलच्या टोकाला पोकळ गोळा, त्याच्याभोवती नकल, म्हणजे चाक धरून वळणारं घर फिरतं, वर एक आणि खाली एक किंगपिन, दोन्हीकडे टेपर बेरिंग. मागच्या बाजूने फेल्ट आणि रबरी सील गोळ्याला पुसत राहतं, म्हणजे आतलं ग्रीस बाहेर येत नाही आणि धूळ आत जात नाही.

डावी बाजू उघडली तर आतून ग्रीस आलंच नाही, काळी पातळ पेज आली. ॲक्सल नळीतलं आतलं ऑइल सील गेलं की डिफचं (डिफरन्शियलचं) ऑइल नकलमध्ये उतरतं आणि ग्रीस पातळ करतं. आधीच्या एका गॅरेजने गळती थांबवायला बाहेरून सिलिकॉन थापलं होतं. त्याने गळती लपली एवढंच. बेरिंगला मात्र वंगण उरलं नाही.

खालच्या बेरिंगचा कप, म्हणजे बाहेरचं कडं, धुऊन उन्हात धरला. त्यावर रोलरच्या अंतराने ओळीत बारीक खाचा पडलेल्या. किंगपिनचं बेरिंग गोल फिरत नाही, थोडंसं इकडे, थोडंसं तिकडे. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, त्यामुळे रोलर वर्षानुवर्षं त्याच जागी आदळतात. नखाने कप खरवडला की प्रत्येक खाचेत नख अडकत होतं. थरथर तिथे होती.

कप निघेना. आत पंच लावायला जागाच नव्हती. शेवटी वेल्डरने कपाच्या आतून वेल्डिंगची एक रेघ मारली. गार होताना कप आकसला आणि हाताने निघाला. बेरिंगचा नंबर कडेला कोरलेला असतो, त्यावरून पुण्यात दुकानात मिळालं. सीलसाठी जोंगाचं नाव सांगून उपयोग नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्निअरने मोजून न्या.

गोळ्यावर गंजाचे खड्डे होते. नवं सील तिथे महिन्यात फाटलं असतं. खड्डे तारेच्या ब्रशने उघडे केले, मेटल पुट्टी भरली, दोन दिवस सुकू दिली आणि वेट पेपरने हाताला कडा लागेनाशी होईपर्यंत घासलं. एका गोळ्याला पूर्ण रविवार गेला.

शिमचं काम मला सगळ्यात आवडलं. किंगपिनच्या टोपीखालच्या शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, कमी केल्या की बेरिंगवर दाब वाढतो, वाढवल्या की सैल होतं. किती, हे अंदाजाने ठरवायचं नाही. सील न बसवता, टाय रॉड सोडून, नकलच्या हाताच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवायचा आणि ओढायचा. नकल हलायला जेवढा जोर लागला तो वाचायचा आणि मॅन्युअलशी ताडायचा. सील बसवून मोजलं तर सीलचं घर्षण त्यात मिसळतं आणि आकडा खोटा येतो. पहिल्यांदा काटा जवळजवळ हललाच नाही, नकल नुसती गळून पडत होती. वरून आणि खालून सारख्याच शिम काढत गेलो, नाहीतर नकल मध्यावरून सरकते. पाचव्या खेपेला आकडा बसला. आबांनी काटा न बघता हाताने नकल फिरवली आणि म्हणाले, "आता बसलं बघ."

उजवी बाजू त्यामानाने बरी निघाली. बेरिंग, सील आणि फेल्ट बदललं, दीड दिवसात संपलं.

बरेच जण या गाडीत डिझेल इंजिन घालतात. कारण मला कळतं. माझी लिटरला साडेचार देते. तरीही 3956 सीसीचं सरळ सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मी काढणार नाही. टॉप गिअरमध्ये चढावर ते ज्या शांतपणे ओढतं, त्यासाठीच ही गाडी घेतली.

गेल्या रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन आलो, आबा शेजारच्या सीटवर. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतंय. परतीला हायवेवर पाचवडचा तोच पूल मुद्दाम पंचावन्नने ओलांडला. सांध्याचा धक्का हाताला लागला आणि तिथेच संपला.

घरी येऊन गोळ्यावर बोट फिरवलं. ग्रीसचा पातळ तवंग होता, थेंब नव्हता. तेवढाच हवा. आता मागचे व्हील सिलिंडर उघडायचे आहेत, डाव्या ड्रमच्या आतून ओल दिसतेय.