रोल संपवायचाय

"रोल संपवायचाय, जरा उभे राहा सगळे."

आमच्या घरात हे वाक्य वर्षातून एखाद्या वेळीच ऐकू यायचं आणि ते ऐकलं की आईचा हात आधी केसांवरून फिरायचा. बाबांच्या यशिकामध्ये गणपतीच्या आदल्या दिवशी घातलेला छत्तीसचा रोल पुढचा मे उजाडला तरी शिल्लक असायचा. त्यात गौरी असायच्या, मावसभावाची मुंज असायची, महाबळेश्वरच्या प्रत्येक पॉइंटवर त्याच क्रमाने आणि त्याच चेहऱ्याने उभे असलेले आम्ही तिघं असायचो. चौथे बाबा, ते कॅमेऱ्यामागे. एवढं सगळं होऊनही तीनचार फोटो उरायचेच. ते तसेच सोडून रोल धुवायला टाकणं हे आमच्या नारायण पेठेत पानात टाकण्याच्या जवळपासचं पाप होतं. मग बाबा रविवारी सकाळी वाड्यात फिरून हाताला लागेल ते टिपायचे. नळाच्या कोंडाळ्यावर रांगेत ठेवलेल्या कळश्या, दाराशी उभी चेतक, दोरीवरच्या साड्यांमधून डोकावणारी आई, मालकांचं मांजर. शेजारच्या काकांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. त्यात एका रोलवर बाराच फोटो निघायचे, त्यामुळे त्यांच्यावर ही वेळ यायची नाही. आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा.

बाबांमागे तो यशिका कितीतरी वर्षं कपाटात साड्यांच्या खाली होता. मागच्या हिवाळ्यात मी तो बाहेर काढला, साफ करून घेतला, बॅटऱ्या बदलल्या आणि पाच रोल घेऊन जैसलमेरला निघाले. जैसलमेरच का, तर वाळवंट पाहिलं नव्हतं म्हणून. पेठेत वाढलेल्या मुलीचं वाळवंट म्हणजे कुणाच्या तरी बांधकामासाठी गल्लीच्या तोंडाशी ओतलेला वाळूचा ढीग. त्यात शिंपले सापडायचे, बोगदे खणता यायचे आणि संध्याकाळी फ्रॉकच्या खिशातून निघालेल्या वाळूवरून बोलणी बसायची. आता तर वाळूही दिसत नाही, दगडाचा चुरा येतो.

रोल काळ्या-पांढऱ्याचे होते, इल्फर्डची एचपी फाइव्ह. हे कळल्यावर आई म्हणाली, "अगं, एवढे पैसे घालून पिवळ्या गावाला जायचं आणि फोटो काळे-पांढरे काढायचे?"

ह्याला उत्तर नव्हतं. जैसलमेर पिवळंच आहे. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेला तो किल्ला त्या भागातल्याच पिवळ्या दगडाचा आहे, आणि नुसता बघायला ठेवलेला नाही, आत माणसं राहतात, दुकानं आहेत, गायी आडव्या बसतात. आईच्या बाजूला माणूसही मोठा आहे: छायाचित्रकार रघुबीर सिंग, जन्म १९४२, जयपूरचे. भारत रंगांतच बघायला हवा असं त्यांचं ठाम म्हणणं होतं आणि त्यांनी आयुष्यभर इथले रस्ते रंगीत फिल्मवर टिपले. त्यांची आवडती कोडॅकची रंगीत फिल्म, कोडाक्रोम, मात्र २००९ मध्ये कंपनीने बंद केली. ती धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स नावाच्या लहान गावात होती. २०१० च्या डिसेंबरअखेर तिनेही रोल घेणं थांबवलं. माझं कारण मात्र एवढं थोर नव्हतं. काळा-पांढरा रोल मला घरी न्हाणीघरात धुता येतो, रंगीत धुता येत नाही, बस.

आईच्या बोलण्याचा थोडा परिणाम झाला, म्हणून निघायच्या आधीच्या रविवारी जुन्या बाजारात जाऊन लेन्ससमोर लावायची पिवळी काच शोधली. कडेला पोचा आलेली एक मिळाली. विकणारा म्हणाला, "ताई, ही चष्म्याची नाय," आणि तरी चष्म्याच्या भावात द्यायला तयार होईना. ही काच निळा प्रकाश अडवते आणि पिवळा सोडते. त्यामुळे फोटोत आकाश काळवंडतं आणि पिवळा दगड, पिवळी वाळू उजळून पुढे येते. म्हणजे रंग फोटोत दिसत नसला तरी त्याला कामाला लावता येतं. आईला हे समजावलं. ती म्हणाली, "बरं."

वाळवंटात पहिली अडचण होते ती कॅमेऱ्यातल्या, प्रकाश मोजणाऱ्या मीटरची. हे मीटर मोठं मध्यममार्गी असतं. जगात जे काही आहे ते सरासरीने करडं आहे अशी त्याची धारणा. काळी म्हैस दाखवा, तिला करडी करेल, पांढरं धोतर दाखवा, तेही करडं. लख्ख वाळू दाखवली की ते घाबरून प्रकाश कमी करायला सांगतं, आणि त्याचं ऐकलं तर वाळवंट सिमेंटच्या गोदामासारखं येतं. म्हणून मीटर सांगेल त्यापेक्षा एक घर जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यायचा. गंमत अशी की फिल्मच्या खोक्यावरचा जुना आडाखा बरोबर उलटं सांगतो. त्याचं म्हणणं, भर उन्हात भिंगाचं तोंड १६ वर ठेवा, पण वाळूवर असाल तर २२ वर (आकडा मोठा तितकं तोंड लहान), म्हणजे एक घर कमी. एक म्हणतं उघड, एक म्हणतं मीट. रात्री मुक्कामाच्या खोलीत बसून कागदावर मांडलं तेव्हा लक्षात आलं की दोघंही एकाच जागी पोचतात. मीटर भ्यायलेलं असतं, त्याला धीर द्यायचा. खोक्याला उन्हातल्या साध्या अंगणांची सवय असते, त्याला आवरायचं. आमच्या घरात आई आणि बाबा याच पद्धतीने एका निर्णयाला यायचे.

किल्ल्यातल्या गल्ल्यांमध्ये हा हिशोब पार कोसळतो. अर्धी गल्ली उन्हात, अर्धी काळ्याकुट्ट सावलीत, आणि माणूस नेमका दोन्हींच्या मधून जातो. मी दोन दिवस एका वळणावर बसून काढले. तिथल्या घरांच्या भिंतींवर दाराशेजारी मोठे गणपती रंगवलेले असतात आणि त्यांच्याखाली लग्नाचं आमंत्रण: वर, वधू, तिथी. घरात लग्न निघालं की पत्रिका भिंतीवरच. लग्न होऊन वर्षं उलटली तरी गणपती तिथेच, उन्हाने विटत जातो. पुण्याहून गेलेल्या बाईला भिंतीवरचा मजकूर म्हणजे "येथे वाहने लावू नयेत, हवा सोडली जाईल" एवढाच माहीत. कुणीतरी भिंतीवर "या" असं लिहिलंय हे पचायला वेळ लागला.

एक आजोबा गणपतीखालच्या ओट्यावर पेपर वाचत होते. मी कॅमेरा वर केला, त्यांनी पेपर खाली केला. मला पेपर वर हवा होता. रोलवर एक फोटो मला तीस रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे दाबताना दरवेळी एक वडापाव डोळ्यांसमोरून जातो. मी थांबले. तेही थांबले. शेवटी ते कंटाळून पुन्हा वाचायला लागले. तोवर ऊन सरकलं होतं. काढलाच नाही. तो न काढलेला फोटो सगळ्यांत स्पष्ट आठवतो, हे वेगळं सांगायला नको.

सम गावच्या टेकड्या जैसलमेरपासून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर. संध्याकाळी तिथे जत्रा असते: उंट, जीपगाड्या, तंबू, भजी, गाणी, चिप्सची पाकिटं. कॅलेंडरवरचं निर्मनुष्य वाळवंट टिपायचं तर सगळ्या माणसांकडे पाठ करून उभं राहावं लागतं. मी सकाळी अंधारात गेले. रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवशीची पावलं पुसलेली होती. सूर्य क्षितिजाला टेकलेला असतानाच वाळूवरच्या बारीक लाटांना सावल्या पडतात. तो जरा वर चढला की त्या मिटतात आणि उरतो नुसता ढीग. टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांब आणि सोपी, पलीकडची उभी. त्या उभ्या बाजूवर वाळू साधारण चौतीस अंशांपर्यंत तग धरते, त्याहून जास्त झाली की आपोआप घसरते. पाऊल ठेवलं की रव्याच्या डब्यात पळी घातल्यासारखा आवाज. अर्ध्या तासात चौथा रोल संपला. मी तिथेच मांडी घालून ओढणीच्या आडोशाने पाचवा घातला. वारा होता. मला वाटलं, आपण पुरेशी काळजी घेतली.

पाचव्या रोलवर जास्त करून एक उंट आहे आणि त्याचा दहाएक वर्षांचा मालक. फोटो काढून झाला की तो धावत यायचा आणि कॅमेऱ्याची पाठ बघायचा. तिथे नुसतं काळं झाकण. "दिखाओ." मी म्हटलं, नाही दिसत, घरी जाऊन धुवावा लागतो. त्याने यशिकाकडे आणि मग माझ्याकडे कीव करून पाहिलं. "खराब है?" आणि वर धीर दिला की त्याच्या मामाच्या मोबाइलची पण काच अशीच गेली होती. घरच्यांचा नंबर मात्र त्याने पाठ म्हणून दाखवला, फोटो पाठवायला.

पुण्यात उतरले तेव्हा त्या रोलवर बावीस फोटो झाले होते. चौदा उरले.

चौदा म्हणजे फारच. पण वळण जायचं नाही. मार्च लागला होता. गच्चीत आई प्लॅस्टिकच्या कागदावर कुरडया घालत होती, ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून तिच्या चेहऱ्यावर. मी कॅमेरा घेऊन वर गेले. तिने मान वर केली, म्हणाली, "रोल संपवायचाय का?" आणि चीक लागलेला हात मनगटाकडून केसांवर फिरवला. तेवीस नंबर. मग बोहरी आळीत पत्र्याचे डबे उतरवणारे दोघं. तुळशीबागेत बांगड्या चढवून घेताना डोळे घट्ट मिटलेली मुलगी. मंडईत चार: फुले मंडईच्या अष्टकोनी इमारतीत सकाळी दहाला वरून तिरपं ऊन उतरतं, त्यात भेंडीवाल्या मावशी. वाळवंटात अर्ध्या घरासाठी कागदावर हिशोब करणारी मी इथे मीटरकडे बघतही नव्हते. फोटो संपवायचे होते, चांगले काढायचे नव्हते.

संपवण्यासाठी काढलेल्या फोटोंचं काय होतं हे मला खरं तर माहीत असायला हवं होतं. बाबांचे अल्बम अजून आहेत. महाबळेश्वरची पानं कुणी उघडत नाही; ते पॉइंट आहेत तिथेच आहेत, आणि आमचे चेहरे तेव्हाही काही सांगत नव्हते. कोंडाळ्यावरच्या कळश्यांचा फोटो मात्र तीन चुलत भावंडांनी मागून घेतला. वाडा पाडून तिथे इमारत झाली, कोंडाळ्याच्या जागी पार्किंग आहे आणि त्या कोपऱ्याचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही. मालकांचं मांजर कुठल्या रंगाचं होतं यावर मोठ्या काकांचं आणि आत्याचं भांडण झालं तेसुद्धा त्या रोलवरून मिटलं.

रोल मी रविवारी धुतला. डी-७६ या डेव्हलपरमध्ये वीस अंशांना साडेसात मिनिटं. आमच्या टाकीचं पाणी मार्चमध्ये वीस अंशांचं कुठून असणार, म्हणून बादलीत बर्फ. मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग वाहतं पाणी, आणि न्हाणीघराच्या दोरीवर खाली चिमटा लटकवून ओली पट्टी वाळत. बल्बसमोर धरून पाहिली तर पहिल्यापासून छत्तिसाव्यापर्यंत खालच्या अंगाला एक सरळ, बारीक, सलग रेघ. आधी केस वाटला. पुसला तर जाईना. रोलच्या डबीच्या तोंडाशी, आत उजेड जाऊ नये म्हणून, काळ्या मखमलीची पट्टी असते. समच्या टेकडीवर ओढणीआड रोल घालताना एक कण तिथे अडकला असणार. पुढे प्रत्येक फोटोगणिक फिल्म त्याच्यावरून ओढली गेली आणि शेवटी परत गुंडाळताना सगळीच्या सगळी पुन्हा एकदा. पट्टीवर जिथे थर खरवडला तिथे ती काच झाली, आणि कागदावर तीच रेघ काळी.

निगेटिव्ह सहा-सहाच्या तुकड्यांत कापतात. चौथ्या तुकड्यावर तीन वेळा वाळू, एकदा पाठमोरा उंट, मग कुरडया आणि मग बोहरी आळी. मधे केसाएवढी फट. वाळूच्या फोटोंत ती रेघ शोधावी लागते. तिथे एवढ्या लाटा आहेत की एक जास्त झाली तर कळत नाही. कुरडयांतही निभावली. बोहरी आळीपासून पुढे मात्र ती उघडी पडली आहे. बांगडीवाल्या मुलीच्या मनगटाला एक बांगडी जास्त आहे.

उंटाचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "ऊँट मोटा आया है." आईने आपला फोटो चष्मा वर करून, मग खाली करून पाहिला. "बाबांचा कॅमेरा बरा चालतो अजून," म्हणाली. आणि मग, "वाळू तर नदीपात्रात पण होती गं पूर्वी."

भेंडीवाल्या मावशींचा फोटो मोठा करून घेतला आणि मंडईत नेऊन दिला. त्यांनी हात पुसून दोन्ही हातांत धरला, लांब नेला, जवळ आणला. ती रेघ त्यांच्या तराजूच्या पारड्यातून आडवी गेली होती. त्यांनी पदराचं टोक ओलं करून ती पुसून पाहिली. नाही गेली. मग फोटो उलटा करून मागची कोरी बाजू बघितली, टोपलीखालच्या गोणपाटात सरकवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "कवळी हायेत, मोडून बघा."