प्रेक्षागृहाच्या दारावरची यादी

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुलीच्या गर्ल स्काउट पथकासोबत न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये नाताळचा कार्यक्रम पाहायला आलेल्या एका वकील महिलेला सुरक्षारक्षकांनी आत जाऊ दिले नाही. कॅमेऱ्याने तिचा चेहरा ओळखला होता. ती ज्या वकिली फर्ममध्ये काम करत होती, त्या फर्मने सभागृह चालवणाऱ्या कंपनीच्या समूहातील एका रेस्टॉरंटविरुद्ध दावा लढवला होता. या महिलेचा त्या दाव्याशी काहीही संबंध नव्हता. पण कंपनीने अशा फर्ममधील सगळ्याच वकिलांना प्रवेशबंदी केली होती.

या प्रकरणात कॅमेऱ्यापेक्षा मला यादीची अधिक भीती वाटते. चेहऱ्याच्या ठेवणीवरून यंत्रणा आकड्यांचा एक नमुना तयार करते आणि तो साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. त्या साठ्यात कोणाचा चेहरा ठेवायचा, हे मात्र माणसेच ठरवतात. चोरी करणारा, मैदानात बाटल्या फेकणारा यांच्याबरोबर तक्रारखोर ग्राहक, प्रतिकूल लिहिणारा समीक्षक किंवा कोर्टात गेलेला कामगार यांचीही भर त्यात घालता येते, आणि त्यांना ते दारात अडवले जाईपर्यंत कळतही नाही.

शिवाय यंत्रणा चुकते. नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियममध्ये सुमारे ४५ हजार प्रेक्षक बसतात. उद्या तिथे अशी यंत्रणा बसली आणि ती हजारात एकदाच चुकली असे धरले, तरी एका सामन्याला ४५ निर्दोष माणसांना रांगेतून बाजूला काढले जाईल. २०१८ च्या एका गाजलेल्या अभ्यासात, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या व्यावसायिक प्रणालींची चूक गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळली होती. ते काम ओळख पटवण्याहून वेगळे होते, हे मान्य. पण चुकांचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, एवढे त्यातून स्पष्ट दिसते.

खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यांत आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते, याचा मला आजही अभिमान वाटतो. माणूस सार्वजनिक ठिकाणी गेला म्हणून त्याचा खाजगीपणा संपत नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे. मात्र मूलभूत अधिकार मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येतात; खाजगी आयोजकाला बांधून ठेवायला स्वतंत्र कायदा लागतो.

असा कायदा, म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, भारतात २०२३ मध्ये आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. संमती मोकळी, नेमकी आणि विनाअट असावी, असे हा कायदा म्हणतो. दंडाची मर्यादाही २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण चेहरा, बोटांचे ठसे यांसारख्या माहितीचा वेगळा, अधिक संरक्षित वर्ग त्यात नाही. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे कलम ४३अ वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. म्हणजे दारातून परत पाठवलेल्या प्रेक्षकाच्या हाती काहीच पडत नाही. याउलट अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या २००८ च्या कायद्यानुसार चेहऱ्याचा नमुना घेण्याआधी लेखी संमती लागते आणि ती न घेतल्यास संबंधित व्यक्ती स्वतः कोर्टात जाऊ शकते. पोर्टलंड शहराने तर २०२१ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या खाजगी जागांत ही यंत्रणा वापरण्यावर बंदीच घातली.

सरसकट बंदीचा आग्रह मी धरत नाही. हिंसाचार केल्याचे सिद्ध झालेल्या माणसाला मैदानापासून दूर ठेवणे योग्यच आहे. पण तिकीट विकत घेण्यापूर्वीच यंत्रणेची माहिती मराठीतून मिळावी, चेहरा न दाखवता आत जाण्यासाठी तेवढेच सोयीचे दुसरे दार असावे, ज्यांचे चेहरे यादीशी जुळले नाहीत त्यांचे नमुने तत्काळ पुसले जावेत, आणि यादीत नाव घातल्यास कारण लेखी कळवून दाद मागण्याची संधी द्यावी. मुलांचे चेहरे तर मुळीच साठवू नयेत. बालनाट्याला येणारे मूल कशाला संमती देणार?

यातील बऱ्याच गोष्टींसाठी दिल्लीकडे पाहत बसण्याची गरज नाही. रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह महानगरपालिकेचे आहे. ते भाड्याने देताना आयोजकाने प्रेक्षकांच्या चेहऱ्यांचे नमुने घेऊ नयेत, ही अट महापालिका करारनाम्यात घालू शकते.