चोवीस जूनच्या आत

२०२२च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये, रेडिंगमधल्या एका फ्लॅटसाठी आमची ऑफर मान्य झाली आणि आम्ही शेजाऱ्यांना पेढे दिले. सर्व्हेचे पैसे भरले, कौन्सिलच्या सर्चचे, म्हणजे तिच्याकडच्या नोंदी तपासण्याचे, भरले. सहाव्या आठवड्यात एजंटचा फोन आला. दुसऱ्या कोणी आठ हजार पौंड जास्त देतंय, मालकानं त्यांना होकार दिलाय.

साताऱ्याहून बाबांनी विचारलं, "अरे, पण इसार दिला होतास ना?"

इसार द्यायची वेळच आली नव्हती. ऑफर मान्य झाली तरी इथे ते नुसतं बोलणं असतं. प्रत्येक पत्रावर 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट', म्हणजे करार होईपर्यंत बंधन नाही, असं लिहिलेलं असतं. १९८९च्या कायद्याप्रमाणे जमिनीच्या विक्रीचा करार लेखी लागतो, ठरलेल्या सगळ्या अटी त्यात लागतात आणि दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. दोन्ही प्रतींची अदलाबदल होईपर्यंत, म्हणजे एक्स्चेंजपर्यंत, कुणीही कारण न देता मागे फिरू शकतं. सर्व्हेचे आणि सर्चचे पैसे बुडाले. ही पद्धत मला तेव्हाही अन्यायाची वाटली, आजही वाटते.

मार्चमध्ये दुसरा फ्लॅट पाहिला. केनेट नदीपासून चालत दहा मिनिटांवर, दोन बेडरूम, किंमत २,८५,००० पौंड. या वेळी सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचं काम बघणारी वकील, आधी गाठली. मृदू बोलणारी, पण प्रश्न विचारायला लागली की सोडायची नाही. तिनं लँड रजिस्ट्रीतून उतारा काढला आणि पहिल्याच फोनवर विचारलं, "लीज किती उरलीय ते बघितलंत का?"

इथले बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची, आपल्याला मिळतात ती वर्षं. आमची लीज २४ जून २००४ पासून ९९ वर्षांची होती. म्हणजे मार्च २०२३ मध्ये ८० वर्षं आणि तीन महिने उरले होते. मला वाटलं, ऐंशी वर्षं म्हणजे आमचा जन्म निघेल. तिनं कागदावर आकडेमोड करून दाखवली. लीज वाढवायचा हक्क १९९३च्या कायद्यानं दिलेला आहे : उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षं मिळतात. पण त्यासाठी फ्रीहोल्डरला मोबदला द्यावा लागतो. फ्रीहोल्डरला लीज वाढवून मागणारी नोटीस देण्याच्या दिवशी ऐंशी किंवा त्याहून कमी वर्षं उरली असतील, तर लीज वाढल्यानं फ्लॅटची जी किंमत वाढते तिचा निम्मा हिस्साही त्या मोबदल्यात धरतात. एका दिवसाच्या फरकानं हजारो पौंड वाढतात. आणि आमच्या लीजची ऐंशीची रेघ २४ जूनला होती.

त्यात दुसरा पेच. त्या वेळी फ्लॅट दोन वर्षं नावावर असल्याशिवाय अशी नोटीस देता येत नसे. (ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली.) आम्ही घेऊन दोन वर्षं थांबलो असतो तर लीज अठ्ठ्याहत्तरावर आली असती. वाट एकच होती : सध्याच्या मालकिणीनं स्वतःच्या नावानं नोटीस द्यायची आणि फ्लॅटबरोबर त्या नोटिशीचा हक्क आमच्या नावे करायचा. दोन्ही एकाच वेळी व्हायला हवं. फ्लॅट आधी आणि हक्क मागाहून असं झालं तर नोटीस रद्द समजतात.

मालकीण तयार होती, पण एक्स्चेंजच्या आधी नाही. नोटीस दिली की फ्रीहोल्डरच्या वकिलाचा वाजवी खर्च नोटीस देणाऱ्याच्या गळ्यात पडतो; आम्ही मागे फिरलो असतो तर तो तिला भरावा लागला असता. तिचं बरोबरच होतं. तेव्हा ठरलं ते असं : एक्स्चेंज २४ जूनच्या आत, लगेच नोटीस, आणि तो सगळा खर्च आमचा.

मग तारखेशी शर्यत सुरू झाली. कौन्सिलचा सर्च, पाणी आणि ड्रेनेजचा सर्च, पुराचा आणि जमिनीतल्या प्रदूषणाचा अहवाल, मॅनेजिंग एजंटकडून तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशोब. ते हिशोब यायला पाच आठवडे लागले. छताचं मोठं काम निघणार आहे का, एवढा एकच प्रश्न आम्ही चार वेळा विचारला.

पैशाची चौकशी मात्र मनाला लागली. बाबांनी एफडी मोडून काही रक्कम पाठवली होती. सॉलिसिटरला फक्त बँकेचं स्टेटमेंट चाललं नाही. एफडीत पैसे कुठून आले तेही हवं होतं. ते २०१६ मध्ये विकलेल्या प्लॉटचे होते. मग साताऱ्याहून खरेदीखत आणि इंडेक्स टू आलं, दोन्ही मराठीत, म्हणून भाषांतर करून घेतलं. वर कर्ज देणाऱ्या बँकेला बाबांची सही हवी होती : ही रक्कम भेट आहे आणि या घरावर माझा काहीही हक्क राहणार नाही. बाबांनी सही केली, स्कॅन पाठवला आणि दोन दिवस फोन केला नाही. आईनं नंतर सांगितलं, ते वाक्य त्यांनी तीनदा वाचून घेतलं होतं.

स्टॅम्प ड्यूटीची गोष्ट आपल्या लोकांनी नीट ऐकावी. तेव्हा पहिलं घर घेणाऱ्याला ४,२५,००० पौंडांपर्यंत ड्यूटी नव्हती. आम्ही निश्चिंत होतो. पण 'पहिलं' म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्याच्या फ्लॅटवर बाबांनी माझं नाव लावलेलं होतं, आणि माझा निम्मा हिस्सा ४०,००० पौंडांच्या वर भरत होता. त्यामुळे सवलत गेली आणि वर जादा घराचे तीन टक्के लागले. बायकोच्या नावावर कुठेच काही नव्हतं, तरी खरेदी दोघांच्या नावानं असल्यामुळे उपयोग झाला नाही. शून्याचे १०,३०० पौंड झाले. मी हे मार्चमध्येच सांगितलं म्हणून बरं झालं. ते लपवून चुकीचं रिटर्न भरलं असतं तर पुढे ड्यूटीवर दंड आणि व्याज आलं असतं.

एक्स्चेंज बुधवारी, २१ जूनला झालं. आम्ही सह्या आधीच करून ठेवल्या होत्या, तारखेची जागा कोरी. दहा टक्के, म्हणजे २८,५०० पौंड, सॉलिसिटरच्या खात्यात पोचले होते. (पाठवण्याआधी तिच्या ऑफिसला आम्हाला माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खाते क्रमांक पडताळला. बनावट ईमेलनं खाते बदलून लोकांची घरं लुटली जातात.) दोन सॉलिसिटर फोनवर बोलल्या, दोघींनी आपापल्या प्रतीवर तारीख घातली, वेळ नोंदवली, आणि करार झाला. आता मागे फिरलो असतो तर ते दहा टक्के गेले असते. मी तेव्हा ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. नोटीस दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून फ्रीहोल्डरच्या पत्त्यावर दिली आणि पोच घेतली. गुरुवार, २२ जून. रेघेला दोन दिवस होते.

किल्ल्या १४ जुलैला मिळाल्या. हस्तांतराच्या दस्तावर साक्षीदार म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीनं समोर बसून सही केली. ना स्टॅम्प पेपर, ना अंगठा, ना निबंधकासमोर हजेरी.

फ्रीहोल्डरशी घासाघीस हिवाळ्यापर्यंत चालली. मोबदला ७,४०० पौंडांवर ठरला. आमच्या सर्व्हेअरच्या मते २४ जून उलटला असता तर आणखी पाच हजार लागले असते. नवी लीज २१०३ ऐवजी २१९३ मध्ये संपते. वर्षाचा १०० पौंड ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं भाडं, गेला आणि त्या जागी कायद्याचं जुनं वाक्य आलं : भाडे, मागितल्यास, एक मिरी. म्हणजे नावापुरतं.

रजिस्टरची प्रत आली तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे सातबारावर नाव लागलं तरी मालकीचा वाद कोर्टात जाऊ शकतो. इथे नोंदीतल्या चुकीनं नुकसान झालं तर ते सरकार भरून देतं, हे त्यांना समजावत होतो. त्यांनी मध्येच थांबवलं आणि भाड्याचं कलम पुन्हा वाचायला सांगितलं. मग आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? एकवीसशे त्र्याण्णवपर्यंत, एका मिऱ्यावर."