जरा बोट ठेव

रद्दी बांधायची म्हटलं की आमच्या नौपाड्यातल्या घरात एक हाक ठरलेली: "आई, जरा बोट ठेव गं." सुतळीची पहिली अर्धी गाठ मारली तरी ती जागेवर थांबत नाही. दुसरी मारायला हात सैल केला, की पहिली हळूच मागे सरकते आणि आवळलेला गठ्ठा पोट सोडतो. म्हणून कुणाचं तरी बोट हवं. ते नेमक्या क्षणी काढायचं असतं. लवकर काढलं तर गाठ ढिली, उशीर झाला तर "अगं, मलाच बांधतेस का?"

त्यात माझी गाठही चुकीचीच. उजवं टोक डाव्यावर टाकायचं आणि पुन्हा उजवंच. अशी गाठ वाकडी बसते आणि सरकते. दुसऱ्या वेळी डावं उजव्यावर टाकलं की ती सपाट बसते, एवढं कळायला माझी चाळिशी उलटली. पण बोट तरीही लागतंच. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ही चैन परवडत नाही. ते पहिल्याच अर्ध्या गाठीत एकाऐवजी दोन पीळ देतात, आणि पीळच धागा धरून ठेवतो.

मग मला अजगर सापडला. कन्स्ट्रिक्टर नॉट, म्हणजे अजगरासारखी आवळणारी गाठ. गाठींचं वेड असलेल्या क्लिफर्ड ॲशली या अमेरिकन चित्रकाराने १९४४ साली आलेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात तिला १२४९ हा क्रमांक दिलाय. जांभळी नाक्यावरून सुतळीचं नवं बंडल आणलं आणि तांदळाच्या गोणीच्या गळ्याला दोन वेढे दिले, दुसरा पहिल्याला तिरका ओलांडणारा. त्या तिरक्या वेढ्याच्या पोटाखाली टोकांची अर्धी गाठ, आणि दोन्हीकडे हिसका. वरचा वेढा गाठीच्या छाताडावर बसला तो बसलाच. सुरगाठ कशी, एक टोक ओढलं की मोकळी! हिच्यात ती माया नाही. संध्याकाळी भात लावायचा तर तो तिरका वेढा विळीने कापावा लागला.

तरी हुरूप होता. रविवारी तीच गाठ रद्दीवर मारली. पण गठ्ठ्याचा माथा सपाट. वरच्या वेढ्याने गाठ दाबायची तर खाली गोलाई हवी, ती नाही. अजगर नुसताच पहुडला. कडेवर सरकवून बघणार, तोवर खाली रद्दीवाल्याची आरोळी.

"आई!"

ती टीव्हीसमोरून उठली ती बोट पुढे करूनच.