तोंड उघडायचे मार्क

“तुमची मुलगी हुशार आहे, पण वर्गाला तिचा काही उपयोग होत नाही.”

गेल्या मार्चमध्ये लेकीच्या जीवशास्त्राच्या बाईंनी हे वाक्य अगदी शांतपणे माझ्या पुढ्यात ठेवलं. मला आधी वाटलं, माझं जर्मन कमी पडलं. बायकोकडे बघितलं तर तिचाही चेहरा उतरलेला, म्हणजे ऐकलं ते बरोबरच होतं. इथं स्टुटगार्टजवळच्या आमच्या शाळेत पालकांना भेटीसाठी दहा मिनिटं मिळतात. दारावर यादी लावलेली असते आणि अकराव्या मिनिटाला पुढचे पालक दार वाजवतात. माझी चार मिनिटं ‘उपयोग’ या एका शब्दातच गेली.

बाईंनी वही उघडली. बाकीच्या मुलांची नावं कोऱ्या कागदानं झाकून फक्त आमची ओळ दाखवली. लेखी दोन, तोंडी चार. (इथं एक म्हणजे सगळ्यात भारी आणि सहा म्हणजे पार झोपलेला. आपल्या ‘एक नंबर’सारखं धरा.) तारखांच्या चौकोनात अधिक-उण्याच्या खुणा करायच्या असतात, आणि लेकीचे चौकोन नुसते रिकामे. उणंसुद्धा नाही. “चुकीचं बोलली असती तरी चाललं असतं,” बाई म्हणाल्या, “निदान त्यावर बाकीच्यांना बोलता आलं असतं.”

तोंडी परीक्षा आपल्याला नवीन आहे का? दहावीला 80 लेखी आणि 20 अंतर्गत, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही आईला झोपेतून उठवून विचारा. पण त्या वीसमधले अठरा-एकोणीस पदरात पडणार हे गृहीतच असतं. बोर्डानं भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे ते 2019 च्या परीक्षेला काढून टाकले, तर राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून धाडकन 77.10 वर आला. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल 95.30. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरही झाला नव्हता, ते सोडा.) आपले तोंडी गुण म्हणजे लग्नातला आहेर. इथं मात्र ते रोज, तासातासाला कमवायचे. लेखीचं वजन किती नि तोंडीचं किती, हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगतात. जीवशास्त्राला निम्मं-निम्मं होतं. आम्ही ते पत्रक वाचून सही करून दिलं होतं आणि विसरून गेलो होतो. कारण तोंडी म्हणजे काय, मिळतातच!

घरी येताना ट्राममध्ये मी बराच वेळ बाईंवर मनातल्या मनात ओरडत होतो. आमच्या वर्गात बहात्तर पोरं होती हो बाई. एका बाकावर चौघं, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत. प्रत्येकानं एकेक वाक्य बोलायचं म्हटलं असतं तर दिवाळीपर्यंत पहिला धडाही संपला नसता. सरांनी विचारायचं, “समजलं का?” आणि बहात्तर तोंडांनी एका सुरात म्हणायचं, “होऽऽ सर!” हा झाला आमचा चर्चेतला सहभाग. चुकून कोणी उभं राहून ‘का’ विचारलंच, तर मागच्या बाकावरनं आवाज यायचा, “लै शाना झालास व्हय रं?” बोट वर करायचंच तर करंगळी, आणि ती कशासाठी हे सांगायला नको.

पण म्हणून आम्ही मुके होतो असं कुणी म्हणू नये. तीच पोरं संध्याकाळी पेठेतल्या कट्ट्यावर बसली की काय वाद! शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉलचा सामना झाला की रेफ्रीनं ती फ्री किक दिली ती बरोबर का चूक, यावर रात्री बारापर्यंत मुद्दे, प्रतिमुद्दे, जुने दाखले, जमिनीवर खडूनं काढलेल्या आकृत्या. तिथं कुणी हात वर करून परवानगी मागत नव्हतं, आणि चुकीचं बोलणाऱ्याला जागच्या जागी दुरुस्त करायला दहा जण तयार. हे मार्क कुठल्या वहीत लिहिले गेले असते, तर आख्खी मंगळवार पेठ मेरिटला आली असती.

इथं वर्गात कसं चालतं ते मला शाळेच्या खुल्या दिवशी बघायला मिळालं. मागे भिंतीला टेकून उभा होतो. पाचवीतली पोरं. हात वर करायचा तो उघड्या पंज्यानं नाही, तर्जनी सरळ आभाळाकडे. उघडा हात पुढं गेला तर कुठल्या सलामीची आठवण येते ते इथं कुणाला सांगावं लागत नाही, तिला कायद्यानं बंदी आहे. एक बारका मुलगा दुसऱ्या हातानं कोपर धरून बोट वर ठेवून होता, खांदा दुखायला लागला तरी खाली घेईना. चुटक्या वाजवून लक्ष वेधलं तर बाई भुवई उंचावतात. आणि मजा म्हणजे पुढं कुणी बोलायचं हे बाई ठरवतच नाहीत. ज्याचं बोलून झालं त्यानं पुढच्याचं नाव घ्यायचं. साखळीच ती. बाई खिडकीशी उभ्या, कधीतरी एखादा शब्द टाकणार. वीस मिनिटं गांडुळावर चर्चा चालली. मी गांडूळखत विकणाऱ्या माणसाकडूनसुद्धा एवढं ऐकलं नव्हतं.

भारावलो, हे कबूल. पण दहा मिनिटांनी एक गोष्ट खटकायला लागली ती आजवर खटकते आहे. एका पोरीनं उत्तर दिलं. पुढच्यानं तेच उत्तर उलटं करून दिलं. तिसऱ्यानं “मला तिच्यासारखंच वाटतं, कारण…” म्हणत तेच परत सांगितलं. तिघांनाही मान डोलावून दाद! आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये हाच प्रकार. ओतकामाच्या एका दोषावर एक जण बोलतो, दुसरा तेच ‘माझ्या दृष्टीनं’ लावून बोलतो, तिसरा त्याचा सारांश सांगतो. मी शिरोलीच्या फाउंड्रीत सहा वर्षं काढून आलोय. कास्टिंग हातात घेतलं की छिद्र वायूचं आहे का आकुंचनाचं, हे मला तिघांच्या आधी दिसतं. पण मी मीटिंग संपल्यावर मशीनपाशी जाऊन सांगतो. काम होतं. मग मी त्या वर्गात असतो तर मलाही चारच मिळाले असते का? हा विचार आला आणि मी ट्राममधून एक स्टॉप आधीच उतरलो.

त्या रात्री आण्णांना फोन केला. आण्णा म्हणजे वडील, करवीर तालुक्यातल्या प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त.

“लेखी किती?”

“दोन.”

“शंभरात?”

गुणांची पद्धत समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली. मग म्हणाले, “उत्तर येतंय का न्हाई तिला?”

“येतंय की.”

“मग झालं. माझ्याकडं एका खोलीत दोन वर्ग हुते. एकेकाला बोलाय लावलं असतं तर पाढे कवा म्हटलं असतं? आन् एक सांगू, सुरात पाढे म्हणताना लाजरं पोरगंबी तोंड उघडतंय. त्याचं मार्क धर की म्हणावं त्या बाईंना.”

हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. आपल्याकडे शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत धाडलं नाही तर बापाला महिना एक रुपया दंड. शाळेची सक्ती जर्मन लोकांनी आम्हाला शिकवू नये. पण शाळेत आलेल्या पोरानं बोललंच पाहिजे ही सक्ती आमच्या कुणाच्या डोक्यात आली नाही, हेही खरं.

लेकीला विचारलं तेव्हा ती आधी खांदे उडवून गप्प. मग पांघरुणातनं म्हणाली, “बाबा, उत्तर मला येतं. पण मी मनात आधी वाक्य करतो. मग देर, दी का दास ते बघतो. तेवढ्यात साखळी पुढं जाते.”

(‘करतो’, ‘बघतो’ ही छपाईची चूक नाही. आजीकडून शिकलेली कोल्हापुरी आहे. पुण्याच्या मैत्रिणी हसतात, हसू देत. देर, दी, दास ही जर्मन नामांची तीन लिंगं सांभाळणाऱ्या पोरीला क्रियापदाचं एक लिंग माफ.)

यावर मी काय बोलणार? मीटिंगमध्ये माझंही वाक्य मनात तयार होईस्तोवर मंडळी पुढच्या मुद्द्यावर गेलेली असतात. वर आम्हीच तिला लहानपणापासून सांगत आलो, मोठ्यांच्यात मध्ये बोलू नको, सगळ्यांना माहीत असलेलं परत सांगू नको. तेच ती वर्गात इमानेइतबारे पाळत होती.

बाईंशी ठरलं ते एवढंच, की तासाला दोनदा बोट. चुकलं तरी चालेल, ‘देर’चं ‘दास’ झालं तरी चालेल. बायकोनं वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायला शिकवल्या, धोब्याच्या हिशोबासारख्या.

ऑगस्टमध्ये आम्ही कोल्हापूरला होतो. इथल्या शाळेला सुट्टी, तिथली चालू. भाचीच्या वर्गात लेक हौसेनं दोन दिवस जाऊन बसली. विषय पंचगंगा. सरांनी फळ्यावर नद्या लिहिल्या: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि पाचवी गुप्त सरस्वती. लेकीची तर्जनी वर.

“काय गं, बाहेर जायचंय?”

आख्खा वर्ग हसला. ही उभी राहिली आणि आजीच्या मराठीत विचारती झाली, “सर, पाचवी दिसतच नाही, तर ती मोजली कुणी?” भाची सांगते, सरांनी खडू खाली ठेवला, जरा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, “उद्या सांगतो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच प्रयाग चिखलीच्या संगमापासून सुरुवात करून आख्खा तास सरस्वतीवर घेतला. धडा तिथंच राहिला. शेवटी विचारलं, “समजलं का?” आणि लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा पन्नास पोरांबरोबर “होऽऽ सर!” केलं. घरी येऊन ती सरस्वतीबद्दल चकार शब्द बोलली नाही, त्या ‘होऽऽ सर’ची नक्कल मात्र रात्री जेवेपर्यंत चालू.

परवा सहामाहीचा निकाल आला. जीवशास्त्र, लेखी दोन, तोंडी तीन. मी जिन्यातूनच आण्णांना फोन लावला.

“आण्णा, चाराचे तीन झाले!”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळू आवाजात, “एक कमी झाला? असू दे, असू दे. तिला काय बोलू नकोस हां.”